गळ्याच्या उंचीवरचा आरसा

त्या घरातले आरसे गळ्याच्या उंचीवर टांगलेले होते. खोली बघायला गेले तेव्हा माझ्या नजरेत आधी भरलं ते हेच. भाड्याच्या खोलीत खिळा चुकीच्या जागी असणं काही नवीन नाही, पण इथं ओसरीपासून मोरीपर्यंत सगळेच आरसे एका रेषेत खाली उतरलेले. समोर उभं राहिलं की आपलं तोंड दिसायचंच नाही. हनुवटीपासून छातीपर्यंतचा तुकडा तेवढा दिसायचा, बिनडोक्याचा. टिकली लावायची तर गुडघे वाकवायचे, भांग पाडायचा तर अंदाजानं.

मी घरमालकिणीला म्हटलं, "मॅडम, हा आरसा जरा वर घेतला तर चालेल का?"

"कायले? तोंडाले तं सारेच पाह्यतेत," त्या म्हणाल्या. "गळ्याले कोन पाह्यते?"

पण खोली हवेशीर होती, कोर्ट चालत जाण्याइतकं जवळ होतं, आणि लोणारहून नोकरीसाठी आलेल्या एकट्या बाईला बुलढाण्यात खोली देताना लोक शंभर चौकशा करतात, त्यातली एकही मॅडमनी केली नाही. मी वाकायला शिकले.

माझी नोकरी जिल्हा कोर्टात स्टेनोची. साक्षीदार बोलतो, साहेब सांगतात, मी टाइप करते. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचा स्वभाव बनतो. कोणी काही सांगायला लागलं की माझ्या तोंडून आधी निघतं, "तुम्ही स्वतः पाहिलं का?" माझी आई म्हणते, तुझ्याशी बोलणं म्हणजे उलटतपासणी. असेल. म्हणून आधीच सांगून ठेवते, मी डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं आणि मॅडमनी सांगितलेलं वेगळं. शेवटी शेवटी दोन्ही मिसळलं असेल, तर त्याला माझा इलाज नाही.

मॅडम ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. नवरा माझ्या येण्याच्या कितीतरी आधी वारलेला, घरात त्याचा फोटोसुद्धा नव्हता. अंगानं स्थूल, चालणं असं की जणू गुडघाभर पाण्यातून येताहेत. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतली बादलीसुद्धा तापते, तेव्हा या बाई मरून रंगाचा स्वेटर घालून ओसरीवर बसायच्या आणि म्हणायच्या, "हवा लागून राह्यली, दार लोट." भुवयांची बाहेरची टोकं झडून गेलेली. त्यामुळे त्या बघायला लागल्या की नजर कुठं संपते ते कळायचं नाही. आणि गळ्याला समोरून, पदराखाली, एक फुगवटा.

शेजारची एक बाई एकदा मोठ्या कौतुकानं म्हणाली, "मॅडम, मलेही थायरॉइड आहे."

"थायरॉइड साऱ्यांलेच असते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या बकरीलेही हाय. त्याले झालं काय ते सांगा."

बाई जी गेली ती पुन्हा आली नाही.

घरात दोन कुत्रे होते. एकाचं नाव टी, दुसऱ्याचं बी. मॅडमनी संध्याकाळी "टी, ए टी" अशी हाक मारली की नवीन माणसाला वाटायचं चहा येतोय. गल्लीतली पोरं मात्र दोन्ही नावं जोडून भलतंच म्हणायची आणि पळायची. नावं पेशींची होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, शरीराची राखण करणाऱ्या. मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. मी विचारलं नव्हतं, पण रिटायर शिक्षकाला प्रश्न लागत नाही.

"बी काय करते? बी निशानी लावते." खरंच, आमच्या फाटकाशी लागलेल्या प्रत्येक गाडीच्या चाकावर बी टांग वर करायचा. "आपल्या रक्तातल्या बी-पेशी असंच करतेत. प्रतिपिंडं सोडतेत. हा परका, याले पकडा, अशी निशानी. आन टी?"

"टी चावतो," मी म्हटलं.

"टी चावते. बरोबर. शंभरपैकी शंभर."

नव्या माणसाची कुत्र्यांशी ओळख पटवायची त्यांची एक पद्धत होती. ती शेतावरची पद्धत. मॅडमचे वडील साखरखेर्ड्याकडचे, सासरही तिकडचंच. शेतात जागलीसाठी, म्हणजे डुकरं-रोह्यांपासून पीक राखायला, नवा कुत्रा आणला की घरातल्या एकेका माणसानं त्याला आपल्या तळहातावरून भाकर द्यायची आणि घरच्या मोठ्या माणसानं शेजारी उभं राहून म्हणायचं, हा आपला आहे. तान्ह्या लेकराचा हातसुद्धा त्याच्या नाकापुढं धरायचा. तसं माझंही केलं. माझ्या डाव्या तळव्यावर ज्वारीच्या भाकरीचा तुकडा ठेवला, टी आला, ओलं नाक मनगटापर्यंत फिरवलं. मॅडम माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही आपली हाय." टीनं तुकडा उचलला. त्या दिवसापासून त्यानं माझ्यावर कधी तोंड उघडलं नाही. गॅस सिलिंडरवाला, दूधवाला, मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना या परीक्षेतून जावं लागायचं. मीटरवाला म्हणायचा, "मॅडम, सरकारी कामात भाकर कशाला?" पण द्यायचा बिचारा.

एकच माणूस देत नव्हता, मॅडमचा दीर. साखरखेर्ड्याला शेती करणारा, उंच, टोपीवाला, स्वभावानं मऊ पण या एका गोष्टीत हट्टी. फाटकाशीच म्हणायचा, "वयनी, मी घरचा मानूस. मले काय ओळख पटवता?" आणि सरळ आत यायचा. टी त्याला चावायचा. एकदा नाही, आला की चावायचा. मी त्याला सरकारी दवाखान्यात इंजेक्शनला घेऊन गेले आहे, तेव्हा रिक्षात धोतर वर करून त्यानं मला पोटरीवरच्या जुन्या खुणाही दाखवल्या.

मी परत आल्यावर मॅडमना जरा रागानंच म्हटलं, "घरचा माणूस आहे हो तो. कुत्र्याला समजायला नको?"

"घरचा असनं पुरत नाई," त्या म्हणाल्या. "ओळख पटवा लागते. हेच तं झालं ना माह्या गळ्यात."

मग त्यांनी स्वेटरचं वरचं बटण काढलं आणि छातीच्या हाडावर बोट ठेवलं. "अठी, हाडाच्या मागं, लहानपनी एक शाळा असते. थायमस. टी-पेशी तिथं शिकतेत. शिक्षन एकच, आपली मानसं ओळखा. घरातल्या एकेकाले समोर उभं करतेत. जो आपल्याच मानसाले चावाले धावला, तो नापास. आन तिथं नापास म्हनजे मरन. सप्लिमेंटरी नाई."

"मग तुमच्या पेशी पास कशा झाल्या?"

"कॉपी करून," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "कॉपी काय आपल्याच जिल्ह्यात होते का? थोड्या सुटतेतच. म्हनून बाहेर भरारी पथक ठेवलेलं असते. त्याही टी-पेशीच, पन दुसऱ्यांले आवरनाऱ्या. कोनी आपल्याच मानसावर उठलं का त्याले खाली बसवतेत. माह्याकडं पथक आलंच नाई. साऱ्या थायरॉइडमधी घुसल्या. आता तिथं ठाण मांडून बसल्या. टीही हाय, बीही हाय. बी निशानी लावते, टी मारते. रोज थोडं थोडं."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की मला पटकन फाटकाकडं बघावंसं वाटलं. टी तिथं बसून आमच्याकडे बघत होता.

सकाळी त्यांची गोळी असायची. उपाशीपोटी, उठल्या उठल्या. ती घ्यायची पद्धत मात्र कुठल्या डॉक्टरनं सांगितली नसेल. ओसरीवरच्या आरशापुढं उभं राहायचं, पदर बाजूला करायचा, गोळी जिभेवर ठेवून घोट घ्यायचा. प्रत्येक घोटाबरोबर गळ्यातला तो गोळा वर सरकायचा आणि पुन्हा खाली बसायचा. थायरॉइडची गाठ गिळताना हलतेच, डॉक्टरही तसंच तपासतात. पण डॉक्टर गाठीशी बोलत नाहीत.

"उठला," मॅडम म्हणायच्या. दुसरा घोट. "पाह्यलं त्यानं." तिसरा घोट. "झोपला."

मी ब्रश तोंडात धरून हे बघितलेलं आहे. माझ्या अंगावर काटा यायचा आणि मी मोरीत जाऊन उगाच नळ मोठा सोडायची.

पण ती दुपार वेगळी. सुट्टीचा दिवस होता, मी पडले होते. थंडीचे दिवस, घाटाकडून धुकं वर चढून आलेलं, दुपार असूनही खिडकी पांढरी. मधल्या दारापलीकडे कोणीतरी दोघं बोलत होती. एक मॅडमचा आवाज, जाड, ओढत बोलणारा. त्याच्या खाली दुसरा, बारीक, चिरका. दोन्ही एकच वाक्य बोलत होते, एकाच वेळी, जसं बाई पाढे म्हणून घेतात आणि पोरं मागून म्हणतात, फक्त मागून नाही, बरोबरीनं. मला वाटलं कोणी लहान मूल आलंय. मी दार लोटलं.

खोलीत मॅडम एकट्या होत्या. आरशापुढं, गळ्यावर हात ठेवून. त्यांनी माझ्याकडे न बघता आरशातल्या त्या बिनडोक्याच्या गळ्याला सांगितलं, "हा आपला हाय. याले हात नोका लावू. हा आपला हाय." आणि दोन आवाजांत सांगितलं. एकाच तोंडातून. मी ऐकलं, मी पाहिलं.

डॉक्टरांनी पुढं त्याचं कारण दिलं. गाठ वाढून आवाजाच्या एका नसेवर दाबत होती. घशातल्या दोन पट्ट्या वेगवेगळ्या वेगानं थरथरल्या की एकाच वेळी दोन सूर निघतात. शास्त्र आहे ते, मला मान्य आहे. पण त्या दुपारी मला शास्त्र कोणी सांगितलेलं नव्हतं. मी दार ओढून घेतलं आणि कडी लावली. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली.

त्याच हिवाळ्यात त्यांना श्वास कमी पडायला लागला. उताणं झोपता येईना. जेवताना घास अडकायचा. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. म्हणाला, गाठीनं श्वासनळी दाबली आहे, काडीएवढी वाट उरली आहे. शिवाय अशा गळ्यात गाठ एकाएकी वाढली तर त्यात वाईट काही नाही ना, हेही बघावं लागतं. थायरॉइड काढून टाकायची, मग आयुष्यभर गोळी. गोळी तर त्या आताही घेताहेत. संभाजीनगरहून सर्जन येतात, त्यांची वेळ घेऊ.

"नाई," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, सर्दी-खोकला झाला तरी जीव गुदमरेल."

"नाई म्हनलं ना."

मी दिराला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसनं आला आणि शिरस्त्याप्रमाणे चावून घेऊन ओसरीवर बसला. पोटरीला फडकं बांधत म्हणाला, "वयनी, हट्ट नोका करू. तुमच्याबिगर आमाले कोन हाय?"

मॅडमनी स्वेटरचं वरचं बटण लावलं. मग म्हणाल्या, "पयले जागा सांग. मंग करतो ऑपरेशन."

त्या माणसाचा चेहरा उतरला. हातातलं फडकं तसंच राहिलं.

"वयनी, मी लहान होतो."

"तू संगं गेला होता. कंदील तुह्याच हातात होता."

"बांधाच्या कडंले होती जागा. बोरीखाली." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "वाटन्या झाल्या तवा बोर तोडली. मंग बांध सरकला. आता तिथं सोयाबीन पेरतेत, वयनी. मले तरी कुठून समजन?"

मॅडमनी मान हलवली, जशी वर्गात चुकलेल्या पोराला उत्तर माहीत नव्हतं हे मान्य करून हलवतात तशी. दीर डोळे पुसत बस स्टँडकडे गेला. मला काही उलगडा झाला नव्हता. मी विचारलं, "कशाची जागा, मॅडम?"

त्यांनी जे सांगितलं ते असं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांना मुलगा झाला. घरीच, सुईणीच्या हातून. रडला नाही. या ग्लानीत होत्या. सासूनं त्याला फडक्यात गुंडाळलं आणि यांना न दाखवता शेतात नेऊन पुरलं. सासू काही वाईट नव्हती. त्या काळी तसंच करायचे. मेलेलं लेकरू आईनं पाहू नये, पाहिलं की ते मागं लागतं, पुढचं पोट धरू देत नाही. "नोको पाहू माय, तुह्या भल्यासाठीच सांगतो," असं सासू डोक्यावरून हात फिरवत म्हणाली होती. पुढचं पोट आलंच नाही. आणि यांनी मुलाचं तोंडही पाहिलं नाही.

"मंग कितीक वर्सांनी मी वाचलं," मॅडम म्हणाल्या. आता त्या शिक्षिकेच्या आवाजात बोलत होत्या, म्हणजे दोन्ही आवाजांत. "पोटात असताना लेकराच्या पेशी आईच्या रक्तात उतरतेत. बाळंतपन झालं तरी साऱ्या निघून जात नाई. काही तिथंच राह्यतेत, वर्सानुवर्सं. हृदयात, यकृतात. आन थायरॉइडमधी. पाह्यल्या हायेत लोकांनी. बाईच्या गळ्यात पुरुषाच्या पेशी. पोराच्या."

मी म्हटलं ना, ऐकीव गोष्टीवर माझा विश्वास नाही. मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, "हो, असं सापडलेलं आहे. पण त्या पेशी तिथं काय करतात हे कोणाला नक्की माहीत नाही. दुरुस्ती करतात, की भांडण लावून देतात, की नुसत्याच बसून असतात. आणि यांच्या गळ्यात त्या असतीलच असंही नाही."

मॅडमना मात्र शंका नव्हती. त्यांच्या घरात परकं म्हणून कोण घुसलं होतं, ज्याच्यावर राखणदार असे तुटून पडावेत? कुत्रं उगाच भुंकत नाही. तो तिथं होता. त्याची कोणाशी ओळख पटवली गेली नव्हती. कोणी त्याचा हात धरून पुढं केला नव्हता. मग ते त्याला परका समजून मारत होते, रोज थोडं थोडं, आईच्याच गळ्यात. म्हणून तो आरसा, म्हणून ते घोट, म्हणून रोज सकाळची ती ओळखपरेड. जीवशास्त्राचा पेपर असता तर त्यांनी स्वतःच या उत्तराला भोपळा दिला असता. पण त्यांना हे उत्तर पाठ होतं.

"शेतातली जागा सरकली," त्या म्हणाल्या. "आता त्याची जागा हीच. हे कापून तुमी कचऱ्यात टाकसान. मंग त्याले दुसऱ्यांदा न दाखोताच नेलं, असं होईल."

मला रडू आलं. मी कोर्टात खुनाच्या साक्षी कोरड्या डोळ्यांनी टाइप करते, पण तिथं मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही गुदमरून मेलात तर तो कुठं राहील? घर पडल्यावर भाडेकरू राहतो का? तुमच्याबरोबर तोही सरणावर जाईल आणि तेव्हाही त्याला कोणी बघणार नाही. ऑपरेशन केलं तर निदान बाहेर येईल. तुम्हाला बघता येईल."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "दाखोतीन?"

"डॉक्टरांनी नाही दाखवलं तर मी दाखवीन. माझा शब्द."

"चष्मा लागतो मले जवळचं पाहाले," त्या म्हणाल्या. तोच त्यांचा होकार.

ऑपरेशनच्या सकाळी दीर आला होता. त्या दिवशी त्यानं फाटकाशी उभं राहून स्वतःहून हात पुढं केला. मॅडमनी त्यावर भाकर ठेवली आणि म्हणाल्या, "हा आपला हाय." टीनं हुंगून तुकडा घेतला. सगळी भानगड एवढ्यावर मिटली. दीर म्हणाला, "मले वाटलं नव्हतं एवढं सोपं असन."

ऑपरेशन लांबलं. सर्जन बाहेर आले तेव्हा दुपार झाली होती. म्हणाले, अवघड होतं, पण निघालं, पेशंटला शुद्धीवर यायला वेळ लागेल. दीर दाराशी बसला. मग सिस्टर आली, "पेशंटचं कोण आहे?" म्हणून माझ्या हातात एक रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी दिली. वर मॅडमच्या नावाची चिठ्ठी. "हे लॅबमध्ये नेऊन द्या."

आमच्याकडे असंच असतं. गळ्यातून निघालेली गाठ नातेवाइकाच्याच हातात देतात, जशी किराण्याची पिशवी. मी ती माझ्या डब्याच्या कापडी पिशवीत ठेवली. आत बघितलं नाही. आधी मॅडमनी बघायचं, असं मी ठरवलं होतं.

पर्स चाचपली तर चष्मा घरीच राहिलेला. म्हणून मी घरी गेले. कुत्र्यांना भाकरही घालायची होती.

आता मी पाहिलेलं सांगते. फाटक उघडलं तेव्हा बी आला. माझ्या हातातल्या नव्या वस्तूवर टांग वर करणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क, पण त्यानं पिशवीला नाक लावलं आणि मागे सरकून बसला. मी पिशवी ओसरीवर ठेवली, आत जाऊन चष्मा शोधला. बाहेर आले तर टी पिशवीशेजारी आडवा पडलेला, हनुवटी पिशवीवर. त्या बरणीतल्या औषधाचा वास असा उग्र होता की माझ्या डोळ्यांना पाणी यायचं. कुत्र्यानं तर दहा हात लांब पळायला हवं होतं. तो डोळे मिटून पडला होता.

मी हात पुढं केला. टीनं डोळे उघडले आणि माझ्यावर गुरगुरला. ज्याला मी इतके दिवस रोज भाकर घातली, तो. वरचा ओठ उचललेला, दात दिसत होते. मी हात मागे घेतला.

ऊन पडलं होतं, गल्लीत कोणी नव्हतं. घाटाकडून वारा येत होता आणि ओसरीवरच्या आरशात माझा गळा दिसत होता, घोट गिळताना हलणारा. मी आतून भाकर आणली, तळहातावर ठेवली, मनगट पुढं केलं. "अरे, मी आपली आहे," मी म्हटलं. टीनं भाकरीकडे बघितलंसुद्धा नाही. गुरगुर थांबली नाही.

तेव्हा मला समजलं, त्याला माझी ओळख विचारायचीच नव्हती. मी कोण हे त्याला ठाऊक होतं. मी याला कुठं घेऊन चालले, हे त्याला हवं होतं. एकदा न सांगता नेलं होतं ना.

मी दुसरा हात हळूच पिशवीवर ठेवला. मॅडम ठेवायच्या तसा, पाठीवर ठेवल्यासारखा. म्हटलं, "हा आपला आहे. मी त्याला त्याच्या आईकडे घेऊन चालले. तिला दाखवायला."

टीनं माझ्या तळव्यावरून भाकर उचलली, उठला आणि बाजूला झाला. फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. एवढंच. कोणी मला शपथेवर विचारलं तरी मी हेच सांगेन, आणि वकील हसले तर हसोत.

रिपोर्टचं इथंच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव तिथं अडकायला नको. वाईट काही निघालं नाही. थायरॉइड उरलीच नव्हती जवळजवळ, सगळीकडे राखण करणाऱ्या पेशीच पेशी, थवेच्या थवे. बाकी काही होतं का, हे कोणी तपासलं नाही. तशी तपासणी इथं होतही नाही.

मी दवाखान्यात परतले तेव्हा मॅडम शुद्धीवर आल्या होत्या. गळ्याला पट्टी, तोंड सुजलेलं. दीर पाय चेपत होता. मला बघून त्यांनी ओठ हलवले. मी वाकले.

"टी भुंकला का?"

मी त्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं. आवाज नळी घातल्यामुळे घोगरा होता, पण एकच होता. खालचा बारीक आवाज नव्हता. मी क्षणभर वाट बघितली, खालून येतो का. नाही आला. त्यांनीही वाट बघितली असावी, कारण त्यांचे डोळे भरले.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "नाही भुंकला."

त्यांच्या डोळ्यांवर मी चष्मा चढवला. पिशवीतून बरणी काढून त्यांच्या तोंडासमोर, उजेडाकडे धरली. आत फिकट, घट्ट, खव्याच्या गोळ्यासारखं काहीतरी होतं, पाण्यात किंचित हलणारं. मॅडम बघत राहिल्या. बाहेर ट्रॉली गेली, कोणीतरी कोणाला हाक मारली, तरी त्या बघत राहिल्या. मग बरणीवर, बाहेरून, बोटाची पाठ फिरवली. बाळाच्या गालावरून फिरवतात तशी.

"गोरा हाय वो," त्या म्हणाल्या. "बापावर गेला."

दिरानं मान खाली घातली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, उत्तरासाठी. मॅडमच्या नवऱ्याला मी कधी पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही.

"हो मॅडम," मी म्हटलं. "अगदी बापावर."